थायरॉईड रिसेप्टरची अँटिबॉडी मागवण्याआधी

थायरॉईड हॉर्मोनचा रिसेप्टर शोधायचा म्हणून तुम्ही कॅटलॉग उघडता, आणि समोर जवळपास सारख्याच नावांची यादी येते. कोणती घ्यायची? चुकीची घेतली तर पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे भलत्याच प्रोटीनच्या बँडवर थिसिसचं एक प्रकरण उभं राहतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ग्रेव्हज आजारात रक्तात जी अँटिबॉडी तपासतात, ती रुग्णाच्याच शरीराने टीएसएच रिसेप्टरविरुद्ध तयार केलेली असते. तो रिसेप्टर पेशीच्या पडद्यावर असतो. आपण बोलतोय तो टी-३ हॉर्मोनचा रिसेप्टर मुख्यतः केंद्रकात असतो आणि डीएनएला चिकटून जनुकं चालू-बंद करतो.

आता खरी अडचण. हा रिसेप्टर एकटा नाही, ते एक कुटुंब आहे. अल्फा आणि बीटा ही दोन वेगळी जनुकं. अल्फा-१, बीटा-१ आणि बीटा-२ हे टी-३ धरतात. अल्फा-२ मात्र धरत नाही, कारण त्याचं शेपूट वेगळं आहे. अल्फा-१ आणि अल्फा-२ यांची पहिली ३७० अमिनो आम्लं तंतोतंत सारखी आहेत. म्हणजे या भागाविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी दोघांनाही पकडणार. डीएनएला चिकटणारा भाग तर अल्फा-बीटामध्येही बराच सारखा असतो. म्हणून डेटाशीटमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते इम्युनोजेन, म्हणजे प्राण्याला प्रोटीनचा नेमका कोणता तुकडा टोचला होता.

दुसरा सापळा वजनाचा. अल्फा-१ साधारण ४७ किलोडाल्टनचा, बीटा-१ साधारण ५३ चा. उंदराच्या ऊतीवर उंदरातच बनवलेली अँटिबॉडी वापरलीत, तर दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या आयजीजीची जड साखळीही पकडते, आणि तिचं वजन ५० च्या आसपास! रिसेप्टर मुळातच कमी प्रमाणात असतो, त्यामुळे ठळक बँड दिसला की हुरळून जाऊ नका. अशा वेळी सशात बनवलेली अँटिबॉडी बरी.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

१. नॉकआउट उंदराची ऊती किंवा जनुक बंद केलेल्या पेशी. तिथे बँड गायब व्हायलाच हवा.
२. रिसेप्टर मुद्दाम जास्त बनवणाऱ्या पेशी. प्रत्येक आयसोफॉर्म वेगळा चालवा.
३. पेशीचा अख्खा अर्क न घेता केंद्रकाचा अर्क.
४. पेप्टाइड टाकून बँड गेला, एवढ्यावर थांबू नका. त्याच अँटिबॉडीने चुकीचं प्रोटीन पकडलं असेल, तर तोही बँड जातो.

आणि ब्लॉटमध्ये चालली म्हणजे ऊतीच्या स्लाइडवर चालेलच असं नाही. तिथे प्रोटीनची घडी वेगळी असते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

हे सगळं अती वाटतंय? याच मोठ्या कुळातला इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा बघा. २०१७ मध्ये संशोधकांनी त्याच्या १३ अँटिबॉडी तपासल्या, आणि सगळ्या चाचण्यांत खरी उतरली फक्त एक. बाकीच्या वापरून निघालेल्या निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागलं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी कंपनीला मेल टाका: इम्युनोजेनचा क्रम काय, नॉकआउटवर तपासलीय का, क्लोन आणि लॉट कोणता? उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढची बघा.