मांडव्याचा धावपटू आणि पेलाभर कॉफी

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा, बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचीनच्या हिमात आणि राजस्थानच्या वाळूत तैनात राहिलेला अविनाश साबळे ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये २८ अडथळे व ७ पाणउड्या पार करीत ३,००० मीटरांची स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पुरी करता झाला, तेव्हा त्याच्या राष्ट्रीय विक्रमाची वार्ता गावोगाव पोहोचली. परंतु अशा आठ मिनिटांत स्नायूंच्या पेशींमध्ये जी धामधूम उडते, तिची वार्ता कोणी घेत नाही.

एरवी मंद तेवणारी पेशींतील भट्टी अशा वेळी इतकी फुलते की शरीराचा ऑक्सिजनचा खप दहापटींहूनही वाढतो, आणि त्यातला थोडा ऑक्सिजन, पाणी होऊन शांत होण्याऐवजी, एकटा पडलेला इलेक्ट्रॉन घेऊन मुक्त मूलकाच्या रूपाने पेशीपटलातील मेदावर व प्रथिनांवर धाड घालू लागतो. श्रमाने थकवलेल्या उंदरांच्या स्नायूंत व यकृतात ही मूलके वाढलेली १९८२ साली केल्व्हिन डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. या मूलकांच्या बंदोबस्ताला शरीराची स्वतःची शिबंदी असतेच. तिच्यातील सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचा शोध मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये लावला. धाड मोठी आणि शिबंदी तोकडी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

येथे कॉफी आपला अर्ज घेऊन हजर होते. तिच्यातील क्लोरोजेनिक आम्ल परीक्षानळीत मुक्त मूलकांना सहज नमवते. पण परीक्षानळीतील पराक्रम रक्तात जसाच्या तसा वठत नाही, कारण भाजताना या आम्लाचा बराच भाग नष्ट होतो आणि उरलेल्यातील पुष्कळसा आतड्यांतील जिवाणू फोडून टाकतात. मोजक्या खेळाडूंवरील लहान प्रयोगांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत.

बरे, हा ताण समूळ पुसून टाकणे तरी हितकर आहे काय? जर्मनीतील मायकेल रिस्टो यांच्या चमूने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामाबरोबर रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्या तरुणांना, व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद लाभलाच नाही. कारण ज्या मूलकांना आपण शत्रू मानतो, तीच पेशीला आपली शिबंदी वाढवण्याचा हुकूम देत असतात. गोळ्यांच्या जाहिराती हा प्रयोग सांगत नाहीत, हे ओघानेच आले.

मात्र या हुकमाची तामिली विश्रांतीत होते, आणि बीडमध्ये श्रम म्हटले की शर्यतीच्या आधी ऊसतोड आठवते. मुकादमाची उचल फेडण्यासाठी हंगामभर परमुलखात पहाटेपासून ऊस तोडून डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याला धावपटूसारखा विश्रांतीचा दिवस कोण देणार? त्याच्या हाती येतो तो कोरा चहा, ज्यात कॅफिन असते, पण साधारणतः कॉफीच्या निम्मे.

आणि कॉफीचा पुरावा ज्याबाबत खरोखर भक्कम आहे, ती गोष्ट हे कॅफिनच होय. थकव्याची वर्दी देणाऱ्या अॅडिनोसिनची जागा मेंदूत अडवून ते श्रम सुसह्य करते. म्हणूनच २००४ च्या आरंभापर्यंत त्याचे अतिरिक्त प्रमाण खेळाडूंना निषिद्ध होते. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन लाभदायक ठरते; साठ किलोच्या माणसाला दोन कडक पेले पुरतात. ज्याला प्रकृती साथ देते त्याने ते धावण्याच्या तासभर आधी घ्यावेत, सायंकाळी मात्र टाळावेत. पाच-सहा तासांनंतरही निम्मे कॅफिन रक्तात शिल्लक असते.