झीत : फ्रान्सच्या खेड्यातले सुट्टीचे घर

फ्रान्सच्या खेड्यांत सुट्टीसाठी आठवड्याच्या बोलीवर भाड्याने मिळणाऱ्या सुसज्ज घराला 'झीत' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर गावे रिकामी होत गेली आणि दगडी घरे, कोठारे ओस पडू लागली. शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी पैसा मिळावा आणि त्याने ते घर उन्हाळ्यात शहरी कुटुंबांना स्वस्तात द्यावे, या विचारातून १९५१ मध्ये दक्षिण आल्प्समध्ये पहिले झीत उघडले. सिनेटर एमिल ओबेर यांचा त्यात पुढाकार होता. १९५५ मध्ये 'झीत द फ्रान्स' हा महासंघ स्थापन झाला. घराची प्रत तो गव्हाच्या ओंब्यांनी दाखवतो, एकपासून पाचपर्यंत. कामगारांना पगारी सुट्टी १९३६ पासून मिळू लागली होती, पण अनेकांना हॉटेल परवडत नव्हते. झीतने ती अडचण सोडवली.

आज अशी घरे मित्रमंडळीही मिळून घेतात. नैर्ऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातले जुने शेतघर हा त्याचा नेहमीचा नमुना. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम बहुधा शनिवार ते शनिवार असतो : दुपारी चारच्या सुमारास प्रवेश, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला निरोप. देशभरातली कुटुंबे एकाच दिवशी निघत असल्याने रस्ते तुंबतात. 'बिझाँ फ्युते' ही सरकारी सेवा गर्दीचा अंदाज हिरव्या, नारिंगी, लाल आणि काळ्या रंगांनी आधीच जाहीर करते.

पोहोचल्यावर मालकासोबत घर फिरून भांडीकुंडी, भिंती, फर्निचर यांची नोंद होते आणि अनामत रक्कम ठेवली जाते. चादरी-टॉवेल भाड्यात नसणे अगदी सर्रास, त्यामुळे ते आधी विचारून घ्यावे लागते. मग खोल्यांची वाटणी. छपराखालची खोली दुपारी तापते, एखादीलाच जोडून न्हाणीघर असते, आणि एकट्या आलेल्याच्या वाट्याला बहुतेकदा दिवाणखान्यातला सोफा येतो. भाडे डोक्यामागे सारखे न लावता खोलीप्रमाणे लावणे हेच न्याय्य, आणि ही गोष्ट घर ठरवतानाच बोलून घेतली पाहिजे. दारात पोहोचल्यावर ते बोलणे जड जाते.

जाड भिंतींचे घर थंड ठेवण्याची रीत शहरी सवयीच्या उलट आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या आणि लाकडी झडपा लावून घ्यायच्या, रात्री सताड उघडायच्या. गरम पाण्याची टाकी पुष्कळदा रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते. आठ जणांनी सकाळी ओळीने अंघोळ केली, तर शेवटच्याला गार पाणी मिळते; म्हणून निम्म्यांनी संध्याकाळ धरावी. सांडपाणी अनेक ठिकाणी सेप्टिक टाकीत जाते. वेट वाइप्स संडासात टाकले की ती तुंबते. पोहण्याचा तलाव असेल, तर २००३ च्या कायद्याने कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी सोय बंधनकारक आहे. तरीही लहान मुलांवर नजर ठेवणारे मोठे माणूस लागतेच, आणि ते कोण हे रोज नावानिशी ठरलेले असावे.

घर खऱ्या अर्थाने चालते ते स्वयंपाकघरावर. पहिल्या संध्याकाळी सगळे सारखी वर्गणी काढून एक पाकीट करतात. पाव, दूध, भाजी, तेल त्यातून येते. वाइन वेगळ्या हिशेबात ठेवावी, कारण न पिणाऱ्यावर तो भार पडू नये. मांसाचेही तसेच : बदक हा दोर्दोन्यचा अभिमान आहे, पण शाकाहारी मित्राने त्याचे पैसे का द्यावेत? गावातली दुकाने दुपारी दोन-अडीच तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर फारसे काही उघडे नसते, आणि बेकरीचीही आठवड्यातून एखादी सुट्टी ठरलेली असते. दोर्दोन्यमधल्या सार्ला गावात खाद्यपदार्थांचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. शनिवारी दुपारी येणाऱ्याला तो चुकतोच, म्हणून पहिल्या रात्रीचे जेवण वाटेतल्या सुपरमार्केटमधून आणावे. 'बागेत' हा लांबट पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो, तेव्हा बेकरीची फेरी रोजची. दोघांनी रांधायचे आणि बाकीच्यांनी भांडी घासायची, ही पाळी सर्वांत टिकाऊ ठरते. रांधणारा आणि घासणारा रोज तोच राहिला की आठवड्याच्या मध्यापासून कुरबुर सुरू होते.

शुक्रवारी रात्री आवराआवर सुरू होते. काचेच्या बाटल्या गावातल्या सार्वजनिक डब्यात टाकायच्या, फ्रीज रिकामा करायचा, फरशी पुसायची. साफसफाईचे पैसे वेगळे भरले असतील तर यातले शेवटचे काम वाचते. सकाळी मालक नोंद तपासतो, स्थानिक पर्यटन कर आधी घेतलेला नसेल तर घेतो आणि अनामत परत करतो. पाकिटात उरलेले पैसे समान वाटले जातात.