लक्ष्यांक : उपयोग आणि दुरुपयोग

मार्चअखेर जवळ आली की आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, टार्गेट. सरकारी भाषेत यालाच लक्ष्यांक म्हणतात. ठरलेल्या मुदतीत किती काम व्हावे याचा तो आकडा. हा आकडा चांगला की वाईट, याचे उत्तर आपल्या समाजाच्या अनुभवातच आहे.

19 जुलै 1969 रोजी 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे एकूण कर्जापैकी 40 टक्के शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला व 10 टक्के दुर्बल घटकांना देण्याचे लक्ष्यांक बँकांना मिळाले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांचा वेगळा वाटा ठरला. ज्याच्याजवळ तारण नाही, ओळख नाही, त्याचा अर्ज केवळ साहेबांच्या मर्जीवर राहिला नाही. हा लक्ष्यांकाचा उपयोग होय.

परंतु त्याच कार्यक्रमात पुष्कळ ठिकाणी आकडा भरण्याची घाई झाली. म्हैस दिली, घरी वैरण आहे काय, दूध कोठे घालणार, हे कोणी विचारले नाही. म्हैस विकली गेली, कर्ज राहिले. कागदावर उद्दिष्ट पूर्ण झाले आणि लाभार्थी मात्र थकबाकीदार ठरून पुढच्या कर्जाला मुकला.

ही खोड जुनीच आहे असे नाही. 2014 साली जनधन खाती सुरू झाली. शून्य शिलकीची खाती कमी दिसावीत म्हणून काही शाखांत कर्मचाऱ्यांनीच त्यांत एकेक रुपया भरल्याचे 2016 मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. आकडा सुधारला, गरिबाची शिल्लक होती तिथेच राहिली.

मग लक्ष्यांक टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. ते गेले तर पहिले दार दुर्बलांचेच बंद होईल. मात्र मोजायचे ते नेमके मोजले पाहिजे. किती म्हशी वाटल्या यापेक्षा वर्षानंतर किती घरांत दुधाचा पैसा येतो, हे पाहावे.

सायखेडा व गोदाकाठच्या आपल्या बांधवांना एवढीच विनंती. "मार्च संपत आला, लवकर सही करा," असे कोणी म्हणाले तरी हप्ता किती, व्याज किती, विमा आहे काय, हे आधी विचारा. विद्यार्थ्यांनी घरच्यांना कागद वाचून दाखवावा. लक्ष्यांक बँकेचा असतो, परतफेड आपली असते.