खारट टार्ट आणि आंबटगोड चटणी

अन्नाच्या रुची सहा मानण्याची आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. परंतु सुगरणीची खरी कसोटी एकेक रुची साधण्यात नसून, परस्परांहून भिन्न अशा दोन रुचींचा मेळ घालण्यात असते. गोड पुरणपोळीच्या शेजारी तिखट-आंबट कटाची आमटी वाढतात, ती काही उगाच नव्हे. हाच न्याय चीज घातलेल्या खारट टार्टास आणि फळांच्या चटणीस कसा लागू पडतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

टार्ट म्हणजे मैदा व लोणी यांची खुसखुशीत, उथळ वाटी. तीत सारण भरून ती भट्टीत भाजतात. सारण चीजचे असले म्हणजे टार्ट खारट होतो. नाव परके वाटले तरी मूळ वस्तू फार जुनी आहे. जुन्या करारात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इशाय आपला धाकटा मुलगा दावीद यास रणांगणावर धाडतो, तेव्हा भावांसाठी भाजलेले धान्य व दहा भाकरी आणि त्यांच्या सरदारासाठी पनिराचे दहा गोळे त्याच्याबरोबर देतो. दूध नासते, पण त्यातील घन भाग वेगळा करून मीठ लावला तर तो टिकतो व दूरवर नेता येतो. चीजच्या जन्माचे कारण हेच.

चटणी हा शब्द तर आपल्याच ‘चाटणे’ या क्रियापदापासून निघालेला. हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रजांनी तो विलायतेस नेला. तेथे फळे, साखर व व्हिनेगर यांची शिजवलेली, टिकाऊ चटणी रूढ झाली आणि चीजच्या तुकड्याबरोबर ती खाण्याची चाल पडली. स्पेनमध्ये चीजबरोबर क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी खातात. आपल्या गोव्यात त्याच धर्तीची पेरूची वडी करतात, तिला पेराद म्हणतात. देश निराळे, पण जिभेने लावलेला शोध एकच.

आता याचे कारण पाहू. चीजमध्ये स्निग्धांश व मीठ ही दोन्ही पुष्कळ असतात. दोनचार घास घेताच स्निग्धांशाचा पातळ थर जिभेवर बसतो व पुढील घासाची चव मंदावते. आंबट पदार्थाने लाळ सुटते, तोंड स्वच्छ होते आणि नवा घास पहिल्यासारखा लागतो. मिठाच्या अल्प अंशाने कडूपणा दबतो व गोडी अधिक जाणवते. शिवाय डाळिंबासारख्या फळातील तुरट द्रव्य दुधातील प्रथिनास चिकटते. त्यामुळे तुरटपणाची धार बोथट होते. चहात दूध घातल्यावर जे घडते, तेच हे.

सोलापूरकरांस याकरिता दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या फळाच्या अभ्यासासाठी २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन केंद्र याच नगरीत आहे. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैसही इकडचीच. परंतु या संपत्तीस दोन शत्रू आहेत. पाण्याचा ताण पडून एकाएकी पाऊस झाला की डाळिंबे झाडावरच फुटतात, आणि उन्हाळ्याच्या काहिलीत दूध नासते. फुटलेल्या फळास बाजारात कोणी विचारीत नाही. बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांतील मोठा हिस्सा असा मातीमोल होतो. नुकतेच फुटलेले, आत बुरशी न शिरलेले फळ चटणीस उत्तम, आणि जास्तीच्या ताज्या दुधाचे वेळीच पनीर करून ठेवणे शहाणपणाचे.

कृती अशी. दोनशे ग्रॅम मैद्यात शंभर ग्रॅम थिजलेले तूप बोटांच्या टोकांनी चोळावे, चिमूटभर मीठ घालावे व लागेल तेवढ्याच थंड पाण्याने गोळा बांधावा. फार मळू नये, मळल्याने चिवटपणा येतो. ज्वारीच्या पिठास चिकटपणा नसतो, म्हणून ते घालावयाचे तर चौथाईहून अधिक नको. लहान पसरट वाट्यांत पारी बसवून काट्याने टोचावी व अर्धी भाजून घ्यावी. एक लिटर म्हशीच्या दुधाचे लिंबाने सुमारे दोनशे ग्रॅम पनीर निघते. ते कुस्करून त्यात दोन चमचे चक्का, मीठ, मिरपूड व जिरे मिसळून वाट्या भराव्यात. भट्टी नसेल तर नानखटाईप्रमाणे जाड पातेल्यात, खालीवर निखारे ठेवून बदामी रंगावर भाजाव्यात.

चटणीसाठी अर्धा किलो डाळिंबाचे दाणे घ्यावेत. पांढरा पापुद्रा कडू असतो, तो काढून टाकावा. मूठभर दाणे बाजूस ठेवून बाकीचे फडक्यात पिळावेत. त्या रसात शंभर ग्रॅम गूळ, आले, लाल तिखट व मीठ घालून मंद आचेवर आटवावे आणि शेवटी राखलेले दाणे घालावेत. भांडे पितळेचे असल्यास कल्हई अवश्य पाहावी. आंबट रसाने तांब्या-पितळेचा अंश अन्नात उतरतो व तो विषारी असतो. ही चटणी थोड्याच दिवसांत संपवावी.

जोडी जुळविताना एक नियम ध्यानात ठेवावा: सौम्यास सौम्य, उग्रास उग्र. ताज्या पनिराच्या टार्टाबरोबर डाळिंबाची किंवा कवठाची चटणी शोभते. जुन्या, खारट चीजबरोबर गूळ घातलेली कैरीची घट्ट चटणी हवी. चिंचेची चटणी पनिराची नाजूक चव पार झाकून टाकते. चटणी ऐन खाण्याच्या वेळीच वर घालावी, नाहीतर तिचे पाणी पारीत मुरून खुसखुशीतपणा जातो.

विद्यार्थिमित्रांनो, आता आपल्या घरची कडक भाकरी आठवा. कुरकुरीत भाकरी, तिच्यावर दही किंवा लोणी आणि शेंगांची चटणी: कुरकुरीत, स्निग्ध व झणझणीत यांचा जो मेळ टार्टात वाखाणतात, तोच येथे आहे. डब्यातील भाकरी मित्रांपुढे काढावयास लाजणाऱ्या मुलाने हे समजून घ्यावे. आणि टार्ट परक्यांचा म्हणून नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावे. चांगले अन्न परके नसते आणि आपलेही हलके नसते. शेतकऱ्याने पिकविलेले व गाईम्हशींनी दिलेले वाया न घालविता, चवीने व वाटून खाणे, हाच अन्नदात्या परमेश्वराचे आभार मानण्याचा खरा मार्ग होय.