पाठीवर कवटी वागवणारा पतंग

रात्र पडली की जबलपूरच्या सराफ्यासारख्या बाजारपेठेत दिव्यांभोवती कीटक घिरट्या घालू लागतात. त्यांत क्वचित एखादा पंजाएवढा, काळसर-पिवळा पतंग येऊ शकतो. त्याच्या पाठीवर मानवी कवटीसारखी आकृती असते आणि पकडल्यास तो उंदरासारखा चिरकतो. युरोपात या आकृतीमुळे अशा पतंगाला मृत्यूचा दूत मानले जाई. वस्तुतः तो डंख मारीत नाही व चावतही नाही. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून आखूड, दणकट सोंडेने मध शोषणे हा त्याचा खरा उद्योग होय.

'अकेरोंशिया' या प्रजातीत तीन जाती आहेत. १७५८ साली लिनिअसने नोंदवलेली 'अ‍ॅट्रोपॉस' युरोप व आफ्रिकेत आढळते. 'स्टिक्स' आणि 'लॅकेसिस' या दोन जाती भारतात आढळतात. कवटी दोघांच्याही पाठीवर असल्याने केवळ तिच्यावरून जात ठरत नाही. त्यासाठी मागचे पंख व पोटाची खालची बाजू पाहावी लागते. लॅकेसिसच्या मागच्या पंखांच्या बुडाशी काळा डाग आणि पोटाखाली काळे आडवे पट्टे असतात. स्टिक्सचे पंख बुडाशी पिवळे असतात व पोटाखाली असे पट्टे सहसा नसतात.

जात ओळखल्यावर दुसरा प्रश्न उद्भवतो : हा पतंग राहतो कोठे? दिव्याखाली सापडला म्हणून तो सराफ्याचा रहिवासी ठरत नाही. तो बळकट उडणारा असून प्रकाशाकडे दुरून येऊ शकतो. स्टिक्सच्या अळ्या तीळ, वांगी, बटाटा अशा वनस्पतींची पाने खातात आणि जमिनीत शिरून कोशावस्थेत जातात. म्हणून शेपटीकडे शिंग असलेली त्याची अळी पिकावर आढळली, तरच त्या परिसरात त्याची पैदास होते असे खात्रीने म्हणता येते. तिळाच्या शेतकऱ्यालाही पतंगाच्या कवटीपेक्षा या अळीची ओळख अधिक उपयोगी पडते.

हँपसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातील पतंगांवर चार खंड लिहिले. आज भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र जबलपुरातच आहे. अशा संस्थांतील नमुन्यांसोबत स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. चिठ्ठी हरवली तर पतंगाची जात कळेल. परंतु त्याचा प्रदेश कळणार नाही. अशा अनेक नोंदी एकत्र आल्या म्हणजे जातीच्या प्रसाराचा नकाशा सिद्ध होतो. भीतीपोटी पतंग चिरडला, तर ही नोंद कायमची नाहीशी होते.