लाल त्रिकोणाचा लोच्या

परवाचीच गोष्ट. महिन्याची पाच तारीख, रात्रीचे साडेदहा आणि घरमालक काकांचा दुसरा मेसेज. ‘भाडं?’ एवढाच. घरचं नेट दुपारपासून गेलेलं, म्हणून मी बाणेरच्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून बसले होते. वाय-फाय जोडलं, बँकेची साइट टाकली, एंटर मारला... आणि स्क्रीनवर भलामोठा लाल त्रिकोण! ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट.’

आता खरं सांगा, अशा वेळी तुम्ही काय करता? मी काय करते ते सांगते. ‘ॲडव्हान्स्ड’ शोधायचं, त्याखालचं ते बारीक अक्षरातलं ‘प्रोसीड’ शोधायचं आणि बिनधास्त पुढे जायचं. नोकरीत होते तेव्हा रजेचा अर्ज टाकायलासुद्धा हाच त्रिकोण ओलांडावा लागायचा. आयटीवाल्याचं ठरलेलं उत्तर, “काही नाही होत, पुढे जा.” सवयच लागली ना!

पण त्या रात्री ‘प्रोसीड’ची लिंकच नव्हती. मग काय, हिंजवडीत नेटवर्कचं काम करणाऱ्या मावसभावाला फोन.

“दादा, बँकेची साइट हॅक झालीय बहुतेक.”

“तू त्रिकोणाखालचा कोड वाचलास का?”

“नाही.”

“कोणीच वाचत नाही. वाच.”

फंडा असा, की सर्टिफिकेट म्हणजे साइटचं ओळखपत्र आणि ब्राउझर म्हणजे सोसायटीचा कडक वॉचमन. तो मुख्यतः तीन गोष्टी बघतो. मुदत चालू आहे का, नाव जुळतंय का आणि हे कार्ड दिलंय कोणी. कोडमध्ये ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेची भानगड, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे नावाची आणि ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे कार्ड देणारा ब्राउझरच्या ओळखीचा नाही. माझ्याकडे हा तिसरा होता.

“कॅफेच्या वाय-फायवर लॉगिन केलंस?” दादाने विचारलं. नव्हतं केलं! तिथे आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो. तोवर ते वाय-फाय तुमची प्रत्येक साइट मध्येच अडवतं. बँकेच्या जागी त्यानेच आपलं कार्ड पुढे केलं आणि वॉचमनने ते ओळखलं. ‘प्रोसीड’ नव्हतं त्याचंही कारण कळलं. काही साइट्सनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं, की जराही शंका आली तर कोणालाच सोडायचं नाही. दादाने मला ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ ही साइट उघडायला सांगितली. तिच्यावर कुलूपच नसतं, त्यामुळे अडवणारं वाय-फाय तिथे गुपचूप लॉगिनचं पान दाखवतं. दाखवलं! ओटीपी टाकला, त्रिकोण गायब. तरी मी फोनचा हॉटस्पॉट लावला. पैशांचा मामला, यार.

तारखेचा लोच्या त्याहून गमतीशीर. आईबाबांच्या साताऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर दिवाळीत एकही साइट धड उघडेना. बाबा म्हणाले, व्हायरस. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर २०१२ साल! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि मग त्याच्या दृष्टीने आजची सर्टिफिकेट्स अजून जन्मलेलीच नसतात. सेल बदलला, तारीख लावली, काम फत्ते. घड्याळ बरोबर असूनही मुदतीचीच तक्रार आली तर मात्र चूक साइटवाल्यांची. तिथे थांबण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. आणि हे वाढेल असं मला वाटतं, कारण नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून अवघे ४७ दिवस, असं ठरलंय.

जुना फोन वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोणावर विश्वास ठेवायचा याची यादी फोनमध्येच असते, अपडेट थांबले की तीही शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ला असंच एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि कित्येक जुन्या फोन-कॉम्प्युटरवर चांगल्याचांगल्या साइट्स लाल झाल्या.

एवढं सगळं साधंच असतं, तर मग घाबरायचं कशाला? हे मी दादाला विचारलं, तेव्हा त्याने २०११ची इराणची गोष्ट सांगितली. डिजिनोटार नावाच्या डच कंपनीचं कामच सर्टिफिकेट्स देण्याचं. तिच्या सिस्टिममध्ये घुसून कोणीतरी चक्क गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट बनवून घेतलं आणि ते इराणमधल्या लोकांचं जीमेल वाचायला वापरलं गेलं. सुमारे ३ लाख आयपी ॲड्रेसेस त्या जाळ्यात आले. कार्ड अस्सल ठिकाणाहून आलेलं, त्यामुळे बाकी ब्राउझर गप्प. क्रोममध्ये मात्र गूगलच्या साइट्ससाठी जादा तपासणी होती. ऑगस्टमध्ये तिथल्या एकाला जीमेल उघडताना क्रोमने वॉर्निंग दाखवली. त्याने ती झटकली नाही, चारचौघांत विचारलं, आणि बिंग फुटलं. सप्टेंबरमध्ये डिजिनोटारचं दिवाळं निघालं.

आपल्याकडेही झालंय बरं का. जुलै २०१४मध्ये एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेन्सची सर्टिफिकेट्स अनधिकृतपणे निघाल्याचं गूगलला आढळलं आणि ती रद्द करावी लागली. विंडोजच्या यादीत भारताचं सरकारी मूळ सर्टिफिकेट होतं, फायरफॉक्सच्या यादीत नव्हतं. म्हणून फायरफॉक्सवाले वाचले.

आणि हो, उलटंही लक्षात असू द्या. त्रिकोण नाही म्हणजे साइट सज्जन, असं अजिबात नाही. २०१५पासून लेट्स एनक्रिप्टची सर्टिफिकेट्स फुकट मिळतात, ती भामट्यांनाही मिळतात. त्या कुलुपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी ऐकत नाहीये. पलीकडे कोण बसलंय ते ॲड्रेस बारमधलं स्पेलिंग वाचून आपणच बघायचं. २०२३मध्ये क्रोमने ते कुलूप काढूनच टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ घेत होते.

असो. भाडं रात्री सव्वाअकराला गेलं. काकांना स्क्रीनशॉट पाठवला, वर तीन ओळी माफीच्या. लगेच रिप्लाय आला.

‘ओके. लाइट बिल?’