हाताच्या वळणाचं चामडं

नवी कोल्हापुरी चप्पल पायाला चावते. मग तिला तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात वागवायची, तेव्हा कुठे ती आपली होते. बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या ग्लोव्हचंही तसंच. फक्त इथे चामडं हाताला वळवायचं असतं.

अमेरिकेत सुरुवातीला बेसबॉल उघड्या हातांनीच खेळत. १८७५ साली चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने हातमोजा घातला, तोही कातडीच्या रंगाचा. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून! १८७७ मध्ये अल्बर्ट स्पाल्डिंग या नामवंत खेळाडूने सरळ काळा हातमोजा चढवला आणि हळूहळू ती लाज गेली. १९२०च्या सुमारास बिल डोक या खेळाडूच्या सूचनेवरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामडी वाद्यांची जाळी आली. चेंडू विसावायला खळगा मिळाला. तोवर हात राखणारा ग्लोव्ह आता झेल पकडू लागला.

मात्र हा खळगा दुकानात तयार मिळत नाही. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. चेंडू त्याच्यावर आपटून बाहेर उडतो. त्याला तेलाचे चारच थेंब चोळायचे. जास्त झालं तर चामडं जड आणि लुळं पडतं. मग लाकडी मोगरीने खळगा ठोकायचा, त्यात चेंडू ठेवून ग्लोव्ह रात्रभर दोरीने बांधायचा. चेंडू मात्र आपल्या खेळाचाच हवा. बेसबॉलचा घेर सुमारे ९ इंच, मोठ्या सॉफ्टबॉलचा १२. घाईने ग्लोव्ह भट्टीत तापवणारेही असतात. त्याने चामडं सुकून तडकतं.

आपल्याकडेही शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात. माझी नात त्यांतलीच. तिला ग्लोव्ह मिळाला तो आमच्या इमारतीतल्या एका मोठ्या मुलीचा. ती दहावीत गेली आणि घरच्यांनी खेळ बंद केला. ग्लोव्ह वर्षभर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दबून पोळीसारखा चपटा झाला होता.

आम्ही दोघांनी तो ओलसर फडक्याने पुसून घेतला, सैल वाद्या एकेक करून ओढल्या, मधे चेंडू घालून बांधला. दोन दिवसांत आकार आला. पण नातीने हात घातला आणि म्हणाली, "आजोबा, आत ताईचीच बोटं आहेत." खरंच होतं. पाचही बोटांच्या जागी दुसऱ्याच हाताचे खोलगट ठसे होते. ते दोरीने जात नाहीत, तेलानेही नाहीत. त्यावर उपाय एकच. झेल घ्यायचे, शेकड्यांनी.

शेकडो झेल घ्यायचे म्हणजे चेंडू टाकणारंही कुणी हवं. माझा खांदा विसाव्या चेंडूला बोलू लागला. तिसऱ्या संध्याकाळी ती दहावीतली मुलगी जिन्यावरून उतरली. "आजोबा, मी टाकू? दहाच मिनिटं." वरच्या गॅलरीतून तिची आई बघत होती. मुलीने एकदा वर पाहिलं. आई काही बोलली नाही.

ती दहा मिनिटं अंधार पडेपर्यंत चालली. ग्लोव्ह आता नातीच्या हाताला बसत चालला आहे. दुसऱ्या ग्लोव्हची किंमत काय, अशी चौकशी परवा वरच्या मजल्यावरून झाली.